वरच्या जबड्याचं हाड रोज एक मिलिमीटर कसं वाढवतात? आणि जव्हार-मोखाड्यातल्या कुटुंबांना यात अडचण कुठे येते?

मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळून येतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण हाड जुळत असतानाच त्याची दोन टोकं रोज थोडी थोडी लांब नेली तर काय होईल? मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. शरीराच्या याच सवयीचा वापर करून डॉक्टर मागे राहिलेला वरचा जबडा पुढे आणतात, हिरडीतल्या हाडाची मोठी फट कमी करतात आणि झिजलेल्या हाडाची उंची वाढवतात. या पद्धतीचं नाव आहे डिस्ट्रॅक्शन ऑस्टिओजेनेसिस. सोप्या भाषेत सांगायचं तर हाड हळूहळू ताणून वाढवणं.

यातलं ऑपरेशन काही तासांत संपतं. हाड मात्र त्यानंतरच्या तीन महिन्यांत, बऱ्याचदा घरी असताना तयार होतं. रोज ठरलेल्या वेळी स्क्रू फिरवावा लागतो, तोंड स्वच्छ ठेवावं लागतं, तपासणीला पुन्हा पुन्हा जावं लागतं. मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाला हे जितकं सोपं, तितकं मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या कुटुंबाला नाही. म्हणून ही पद्धत समजून घेताना तिचं वेळापत्रकही समजून घ्यावं लागतं.

वरच्या जबड्याचं हाड कमी पडतं, म्हणजे नेमकं काय?

नाकाच्या दोन्ही बाजूंपासून वरच्या दातांपर्यंतचा चेहऱ्याचा मधला भाग वरच्या जबड्याच्या हाडावर उभा असतो. टाळूचा पुढचा कडक भाग आणि डोळ्याखालच्या खोबणीचा तळही याच हाडाचा. त्यामुळे ते कमी पडलं की चावणं, बोलणं, श्वास आणि चेहरा या चारही गोष्टींवर परिणाम होतो.

हाड कमी पडण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, पूर्ण जबडाच मागे राहणं. अशा वेळी गाल आणि नाकाचा भाग आत दबल्यासारखा दिसतो आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. घास नीट तोडता येत नाही. काही मुलांचा श्वासमार्ग अरुंद होतो आणि झोपेत त्रास होतो.

दुसरा, दात ज्या हाडात बसतात त्या हाडातच फट असणं. ओठ आणि टाळू दुभंगलेल्या बऱ्याच मुलांमध्ये ही फट हिरडीतूनही जाते. तिथे दात यायला हाडच नसतं. कधी तोंडातलं पाणी नाकातून येतं.

तिसरा, हाडाची उंची कमी होणं. अपघातात पुढचे दात हाडासकट गेले, किंवा दात पडून बरीच वर्षं झाली, की तिथलं हाड झिजत जातं. मग कृत्रिम दात बसवायला आधार उरत नाही.

टाळू शिवल्यावरही जबडा मागे का राहतो?

लहान वयातल्या मोठ्या दोषांमध्ये दुभंगलेला ओठ आणि टाळू हे महत्त्वाचं कारण आहे. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठ आणि टाळूचे भाग जुळायचे राहून जातात. यामागे आनुवंशिकता, पोषण, काही औषधं, तंबाखू-दारू अशी अनेक कारणं असू शकतात. ग्रहणात आईने विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं आजही अनेक गावांत बोललं जातं. त्याला कोणताही आधार नाही, आणि त्यात आईचा दोष तर मुळीच नाही.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. टाळू शिवली की तिथे व्रण तयार होतो. व्रणाची कातडी सैल नसते. मूल वाढतं, खालचा जबडा पुढे येतो, पण वरचा जबडा त्या घट्ट व्रणामुळे अडकून राहू शकतो. सगळ्याच मुलांच्या बाबतीत असं होत नाही. ज्यांच्या बाबतीत होतं, त्यांच्यात आठ-दहा वर्षांच्या वयापासून फरक दिसायला लागतो आणि वयात येताना तो वाढतो.

म्हणजे ओठ शिवला की उपचार संपले, हा समज चुकीचा आहे. अशा मुलाची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १७-१८ वर्षांपर्यंत चालू राहायला हवी. मधल्या काळात दातांचे डॉक्टर, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ यांचीही गरज लागते.

हाड ताणायची कल्पना आली कुठून?

१९०५ साली इटलीतले डॉक्टर अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी मांडीचं हाड लांब करण्याचे प्रयत्न मांडले होते. पण ही पद्धत भरवशाची केली ती सोव्हिएत डॉक्टर गाव्रिल इलिझारोव्ह यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियातल्या कुर्गान भागात काम करताना त्यांनी पायाभोवती बसवायची कड्यांची चौकट तयार केली. असं सांगितलं जातं की, हाडाची टोकं जवळ आणण्यासाठी दिलेली दांडी एका रुग्णाने उलटी फिरवली. टोकं लांब गेली आणि मधल्या जागेत नवं हाड दिसलं. पुढे इलिझारोव्ह यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि रोज किती ताण द्यायचा, किती वेळा द्यायचा याचे नियम बसवले.

उंच उडीतले ऑलिंपिक विजेते व्हालेरी ब्रुमेल यांच्या पायावर त्यांनी १९६०च्या दशकात उपचार केले. १९८० मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी त्यांच्याकडून बरे होऊन परतले आणि पश्चिम युरोपातल्या डॉक्टरांचं या पद्धतीकडे लक्ष गेलं.

चेहऱ्यापर्यंत ती पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कचे जोसेफ मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी चार मुलांच्या खालच्या जबड्याचं हाड ताणून वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. १९९६ मध्ये अमेरिकेतच चिन आणि टोथ यांनी दातांखालच्या हाडाची उंची याच पद्धतीने वाढवली. १९९७ मध्ये शिकागोच्या पॉली आणि फिगेरोआ यांनी डोक्याला बसवायच्या चौकटीच्या मदतीने वरचा जबडा पुढे आणण्याची पद्धत मांडली. २००० साली तैवानच्या एरिक लिऊ आणि सहकाऱ्यांनी हिरडीतली रुंद फट दातांसह हाडाचा तुकडा सरकवून कमी करता येते, हे दाखवलं.

ऑपरेशन टप्प्याटप्प्याने कसं होतं?

समजा, १५ वर्षांच्या एका मुलीचा वरचा जबडा १० मिलिमीटर पुढे आणायचा आहे.

आधी तयारी. एक्स-रे, सीटी स्कॅन आणि दातांचे साचे घेतात. जबडा कुठल्या दिशेने आणि किती न्यायचा हे ठरवतात. दात सरळ करण्यासाठी बऱ्याचदा काही महिने आधी तारा लावाव्या लागतात.

मग ऑपरेशन. पूर्ण भूल देऊन, वरच्या ओठाच्या आतल्या बाजूने छेद घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर नवा व्रण राहत नाही. दातांच्या मुळांच्या वरून हाड आडवं कापतात आणि ताण देणारं उपकरण बसवतात. उपकरणाचे तीन प्रकार आहेत. काही उपकरणं आतच हाडाला स्क्रूने बसवतात. काही दातांना पकडून टाळूला लावतात. तिसरा प्रकार बाहेरच्या चौकटीचा. ती डोक्याच्या हाडाला स्क्रूने धरलेली असते आणि चेहऱ्यासमोरच्या दांडीवरून तारांनी जबडा पुढे ओढते.

त्यानंतर पाच ते सात दिवस काहीच फिरवत नाहीत. या काळात कापलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि तिथे हाड जुळवणाऱ्या पेशी गोळा होतात. लहान मुलांमध्ये हा काळ थोडा कमी ठेवतात.

मग येतो ताण देण्याचा काळ. स्क्रू दिवसाला एकूण एक मिलिमीटर फिरवायचा. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा, किंवा पाव मिलिमीटर चार वेळा. १० मिलिमीटरसाठी साधारण १० दिवस लागतात. जबडा नंतर थोडा मागे येण्याची शक्यता असल्यामुळे डॉक्टर कधी कधी गरजेपेक्षा किंचित जास्त पुढे नेतात.

हा वेग फार महत्त्वाचा आहे. खूप भरभर फिरवलं तर फटीत हाडाऐवजी नुसते मऊ तंतू तयार होतात. खूप हळू फिरवलं किंवा मधले दिवस चुकले तर हाड अर्ध्यातच जुळतं आणि पुढे सरकत नाही. योग्य वेग राहिला तर दोन्ही टोकांकडून मधल्या भागाकडे नवं हाड भरत जातं. त्याबरोबर हिरडी, स्नायू, रक्तवाहिन्या आणि कातडीही हळूहळू ताणली जाते.

शेवटचा टप्पा थांबण्याचा. स्क्रू फिरवणं बंद, पण उपकरण तसंच ठेवायचं. साधारण आठ ते बारा आठवडे. या काळात मऊ हाडात कॅल्शियम भरतं आणि ते पक्कं होतं. एक्स-रे बघून मग उपकरण काढतात. आत बसवलेलं उपकरण काढायला आणखी एक छोटं ऑपरेशन लागतं.

म्हणजे ऑपरेशनपासून उपकरण निघेपर्यंत अडीच ते साडेतीन महिने. त्यानंतरही तारा आणि तपासण्या चालू राहतात.

फट भरायची असेल तर?

हिरडीतली फट लहान असेल, तर कमरेच्या हाडाचा मऊ भाग घेऊन ती भरणं हा नेहमीचा आणि चांगला उपाय आहे. हे साधारण सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा दात खाली येण्याआधी करतात, म्हणजे तो दात नव्या हाडातून खाली उतरू शकतो.

फट फार रुंद असेल, आधी भरलेलं हाड टिकलं नसेल किंवा आजूबाजूची हिरडी व्रणांनी घट्ट झाली असेल, तर ताणण्याची पद्धत विचारात घेतात. फटीच्या शेजारचा दातासह हाडाचा तुकडा मोकळा करून रोज थोडा थोडा फटीकडे सरकवतात. त्याच्या मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं आणि पुढची फट अरुंद होते. उरलेल्या छोट्या फटीत अनेकदा थोडं हाड भरावंच लागतं.

एकाच वेळी जबडा पुढे का आणत नाहीत?

आणतात. वाढ पूर्ण झाल्यावर जबडा कापून, पुढे घेऊन, धातूच्या पट्ट्यांनी त्याच दिवशी पक्का करता येतो. अंतर कमी असेल तर हाच मार्ग सोयीचा आहे. पण टाळूवर जुने घट्ट व्रण असतील आणि १० मिलिमीटर किंवा जास्त अंतर असेल, तर एका दमात ओढलेला जबडा मागे येण्याचा धोका वाढतो. अशा वेळी हळूहळू ताणणं जास्त उपयोगी पडतं.

बोलण्याचा मुद्दाही आहे. पूर्ण जबडा पुढे गेला की मऊ टाळू घशापासून लांब जाते आणि काही रुग्णांचा आवाज जास्त गेंगाणा होऊ शकतो. हळू ताणल्याने हा धोका पूर्ण जात नाही. म्हणून काही रुग्णांमध्ये जबड्याचा फक्त पुढचा भाग कापून पुढे नेतात. मागचा भाग जागेवरच राहतो आणि गर्दी झालेल्या दातांना जागाही मिळते.

आणि प्रत्येक दोषावर हा उपाय नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस झालेल्या अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला, महाराष्ट्रात असे रुग्ण मोठ्या संख्येने होते. इतकं हाड गेलं की ताणायला पुरेसं हाडच उरत नाही. तिथे टाळू झाकणारी कवळी, गालाच्या हाडात बसवायचे स्क्रू किंवा पायाच्या हाडाचा तुकडा असे दुसरे मार्ग वापरतात.

धोके कोणते?

स्क्रूभोवती जंतुसंसर्ग, उपकरण सैल होणं, जबडा चुकीच्या दिशेने सरकणं, दाताच्या मुळाला इजा, गाल किंवा ओठ काही काळ बधिर होणं, हे ठळक धोके. वाढीच्या वयात ऑपरेशन केलं, तर नंतर खालचा जबडा वाढत राहून पुन्हा ऑपरेशनची गरज पडू शकते.

तंबाखू, मिश्री आणि बिडीमुळे हाड भरायला वेळ लागतो. रुग्णाने तरी या काळात त्यापासून पूर्ण लांब राहावं.

जव्हार-मोखाड्यात अडचण कुठे येते?

जव्हारमध्ये पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पण जबड्याच्या अशा ऑपरेशनला तोंड व जबड्याचे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि दातांच्या तारा लावणारे तज्ज्ञ एकत्र लागतात. ही टीम मोठ्या शहरांतच सापडते. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. मोखाड्याच्या लोकांना त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक जवळ पडतं, तर मुंबई जव्हारपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे.

फक्त अंतराचा प्रश्न असता, तर एकदा जाऊन ऑपरेशन करून आणता आलं असतं. खरा पेच वेळापत्रकाचा आहे. दिवाळीनंतर या दोन्ही तालुक्यांतली अनेक कुटुंबं वीटभट्टी आणि बांधकामाच्या कामाला भिवंडी, वसई, ठाणे, नाशिककडे जातात. काही होळीला परततात, काही थेट पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यात काही पाड्यांचे रस्ते बंद होतात. ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं आणि घरचे भट्टीवर गेले, तर स्क्रू कोण फिरवणार आणि तपासणीला कोण नेणार?

म्हणून तारीख ठरवतानाच डॉक्टरांना घरची परिस्थिती सांगणं गरजेचं आहे. स्क्रू फिरवण्याच्या दहा-पंधरा दिवसांत रुग्णाला रुग्णालयातच ठेवता येईल का, हे विचारता येतं. सगळ्यात नाजूक काळ तोच असतो. त्यानंतरचे आठ-बारा आठवडे घरी काढता येतात, पण उपकरण सैल झालं, सूज आली, पू आला किंवा ताप आला तर लगेच दाखवायला हवं. मूल आश्रमशाळेत असेल, तर अधीक्षकांना आणि शिक्षकांना आधीच सांगून ठेवावं. डोक्यावर चौकट असलेल्या मुलाला इतर मुलं चिडवू शकतात, खेळताना धक्का लागू शकतो. मोठा भाग उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवता आला तर शाळाही कमी बुडते.

दुसरी अडचण अंगातल्या ताकदीची. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला, आणि हा प्रश्न अजून संपलेला नाही. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाला दूध ओढता येत नाही, त्यामुळे ते आधीच मागे पडतं. अशा बाळाला उभं धरून, आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजावं लागतं. वजन आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर भूल देणं धोक्याचं ठरतं आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. आदिवासी भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त असल्यामुळे ती चाचणीही आधी करून घ्यावी.

ऑपरेशननंतर कित्येक आठवडे चावून खाता येत नाही. तेव्हा नागलीची आंबील, तांदळाची पेज, घोटलेलं वरण, मऊ शिजवलेलं अंडं, दूध, कुस्करलेलं केळं यांवर दिवस काढावे लागतात. नुसत्या पेजेवर हाड भरत नाही. डाळ, अंडं, दूध यांतलं काहीतरी रोज पोटात जायला हवं.

सुरुवात कुठून करायची?

शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहे, आणि पुढच्या मोफत उपचारांसाठी मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय आहे.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आशाताई, अंगणवाडीताई किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगणं. ओठ लहानपणीच शिवलेला असला, पण आता खालचे दात पुढे येत असतील, बोलणं गेंगाणं असेल किंवा पाणी नाकातून येत असेल, तरी पथकाला मुद्दाम दाखवावं. तपासणीच्या दिवशी मूल कामाच्या गावी असेल, तर परतल्यावर आरोग्य केंद्रात जाऊन नाव द्यावं.

खर्चाचं काय? ताण देणारं उपकरण महाग असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकं हे ऑपरेशन आणि उपकरण बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून तारीख घेण्याआधीच विचारून घ्यावं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावं. ओठ आणि टाळूच्या मूळ ऑपरेशनसाठी स्माइल ट्रेनसारख्या संस्था भागीदार रुग्णालयांत मोफत उपचार देतात.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे?

१. जबडा किती मिलिमीटर न्यायचा आहे? एका वेळच्या ऑपरेशनने किंवा हाड भरून काम होईल का?

२. उपकरण आतलं की बाहेरचं? ते काढायला दुसरं ऑपरेशन लागेल का?

३. स्क्रू कोण फिरवणार? कुठल्या दिशेने आणि दिवसातून किती वेळा? घरी फिरवायचा असेल, तर डॉक्टरांसमोर स्वतः फिरवून बघावा आणि प्रत्येक वेळी वहीत खूण करावी.

४. एखादी वेळ चुकली तर काय करायचं? मनाने दुप्पट फिरवायचा नाही, फोन करून विचारायचं. त्यासाठीचा नंबर घरी जाण्याआधी लिहून घ्यावा.

५. एकूण किती वेळा यावं लागेल? मधली एखादी तपासणी नाशिकला किंवा जव्हारच्या रुग्णालयात करून एक्स-रे फोनवर पाठवला तर चालेल का?

६. बोलण्यावर काय परिणाम होईल? नंतर वाचा उपचार लागतील का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळालं, तर कुटुंबाला प्रवासाचे पैसे, बुडणारी मजुरी आणि सोबत कोण राहणार, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवता येतं. उपचार अर्धवट सुटू नयेत यासाठी हे ठरवणं ऑपरेशनइतकंच गरजेचं आहे.